डावीकडे 295, उजवीकडे 255: माझ्या स्तनांच्या ऑपरेशनची हकिकत

24 जुलैला माझ्या स्तनांमध्ये इम्प्लांट (आकार वाढवणाऱ्या सिलिकॉनच्या पिशव्या) बसवण्याच्या ऑपरेशनला सहा महिने झाले. त्याच दिवशी सर्जनकडची ठरलेली तपासणी होती. ती झाली आणि मनाशी म्हटलं, आता लिहायला हरकत नाही. ऑपरेशनच्या आधी मी रात्र रात्र जागून वाचत असे, तेव्हा मला एकतर जाहिराती सापडायच्या, नाहीतर अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी. कागद कोणते लागतात, किती थांबावं लागतं, तिसऱ्या दिवशी रडू का येतं, हे साधं साधं कुणी सांगत नव्हतं. ज्या कुणी आज त्याच जागी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ऑपरेशन करा किंवा करू नका, असं मला काहीच सुचवायचं नाही.

माझा डावा स्तन उजव्यापेक्षा लहान होता. थोडाफार फरक बहुतेक बायकांमध्ये असतो, पण माझा कपड्यांवरून कळायचा. चौदाव्या वर्षापासून मी डावीकडे ब्रामध्ये पॅड घालत आले. ते सरकायचं. जिना चढताना, बसमधून उतरताना कोपर अंगाशी धरून ते जागेवर आहे ना, हे चाचपायची सवय हाडीमासी खिळली होती. पोहायला शिकायचं राहूनच गेलं. पस्तिशी ओलांडली, मूल झालं, अंगावर पाजून झालं, आणि मग दोन्हीकडचा भरलेपणा ओसरून फरक आणखी ठळक दिसायला लागला. तेव्हा विचार पक्का झाला.

पहिल्या सर्जनकडे 6 सप्टेंबरला गेले. भेट अकरा मिनिटं चालली. टेबलावर तीन इम्प्लांट ठेवलेले होते, त्यातलं मधलं माझ्या हातात देऊन "तुम्हाला 350 छान दिसेल" असं सांगण्यात आलं. मोजपट्टी निघालीच नाही. या आठवड्यात पैसे भरले तर सवलत मिळेल, असं बाहेरच्या बाईंनी सांगितलं. मी घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. मला वाटलं होतं की कुणीतरी माझं ऐकून घेईल. आज कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की शरीराच्या बाबतीत जिथे घाई केली जाते, तिथून उठून यावं. दुसरं मत घ्यायला गेलेली फी वाया जात नाही.

दुसऱ्या सर्जन 24 सप्टेंबरला भेटल्या. त्या सरकारमान्य प्लास्टिक सर्जन आहेत ना, हे मी आधी वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत शोधून पाहिलं होतं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "हे कुणाला हवंय?" मी म्हटलं, मला. "घरचे काय म्हणतात?" नवरा म्हणतो, तुझं शरीर, तू ठरव, पण धोके मलाही समजावून सांग. त्यावर त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या."

मग मोजमापं झाली. गळ्याच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत, स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंत, आणि स्तनाची पायथ्याची रुंदी. वरच्या भागात दोन बोटांच्या चिमटीत किती जाडी येते, हेही पाहिलं. इम्प्लांटचा आकार या मापांवरून ठरतो, हे मला तिथे कळलं. आपण मनात कपाचं माप धरून जातो, पण कप प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. सर्जन बोलतात ते सीसीमध्ये, म्हणजे मिलिलिटरमध्ये. पायथ्यापेक्षा रुंद इम्प्लांट बसवलं तर ते काखेकडे सरकतं किंवा मधोमध दोन्ही एकमेकांना भिडतात. माझ्या बाबतीत दोन वेगळी मापं लागणार होती. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: इम्प्लांटने भरलेपणा येतो, पण फार ओघळलेला स्तन त्याने वर उचलला जात नाही, त्याचं ऑपरेशन वेगळं. स्वतःचीच चरबी काढून भरण्याचा मार्ग मी विचारला. त्याने वाढ माफकच होते, आणि भरलेल्या चरबीतला काही भाग शरीर शोषून घेतं. माझ्या अंगावर तेवढी चरबी नव्हती.

जागा कुठली, हाही मोठा प्रश्न असतो. इम्प्लांट नुसतं स्तनाच्या ऊतीखाली ठेवता येतं किंवा छातीच्या स्नायूखाली. माझी वरची त्वचा पातळ, म्हणून वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा ऊतीखाली असं ठरलं. काप स्तनाच्या खालच्या घडीत. काखेतून किंवा स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेनेही काप घेतात, पण वर्तुळाच्या कडेच्या कापात दुधाच्या नळ्या दुखावण्याची शक्यता जास्त. मला आता मूल नको असलं तरी हे लिहून ठेवते, कारण ज्यांना हवं आहे त्यांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा.

11 ऑक्टोबरला नवऱ्याला घेऊन गेले आणि ती भेट संपूर्ण धोक्यांवर झाली. सिलिकॉनची इम्प्लांट पहिल्यांदा 1962 मध्ये बसवली गेली. अमेरिकेत 1992 मध्ये सुरक्षिततेच्या शंकांमुळे ती नुसत्या सौंदर्यासाठी वापरायला बंदी आली आणि 2006 मध्ये अटींवर परत परवानगी मिळाली. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती, फार क्वचित, लसिकापेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) एक कर्करोग होतो. तो स्तनाचा कर्करोग नव्हे, इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं त्यात तो होतो, आणि बहुधा बऱ्याच वर्षांनी एका बाजूला अचानक पाणी साठून सूज येते तेव्हा लक्षात येतो. या कारणाने 2019 मध्ये एक मोठी खरबरीत मालिका जगभरातून परत मागवण्यात आली. मी गुळगुळीत पृष्ठभागाचं घेतलं. त्याने सगळे धोके जात नाहीत. ते आवरण आखडून स्तन टणक होऊ शकतो, दुखू शकतो. इम्प्लांट आतल्या आत फाटलं तरी सिलिकॉनच्या बाबतीत बहुधा बाहेरून काही कळत नाही. काही बायकांना खूप थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा जाणवतो. त्यासाठी अजून कुठलीच ठरलेली तपासणी नाही, पण म्हणून त्या त्रासाला खोटं म्हणायचं नाही, असं आमच्या डॉक्टर स्वतःहून म्हणाल्या. मला त्यांचा विश्वास वाटला तो या वाक्यामुळे.

"हे आयुष्यभरासाठी नाही," हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) माहितीत, वाढीसाठी इम्प्लांट घेतलेल्या बायकांपैकी 20 टक्क्यांपर्यंत बायकांना आठ ते दहा वर्षांत ते काढावं लागतं, असं दिलेलं आहे. नवरा तेव्हा गप्प झाला. परतताना तो म्हणाला, "म्हणजे हे एक ऑपरेशन नाही, एका ऑपरेशनची सुरुवात आहे." ते खरंच होतं, आणि ते कबूल करूनच मी पुढे गेले.

घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेला प्रयोग केला. बंद करता येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये मोजून पाणी भरायचं, 250 मिली, 300 मिली, हवा काढून टाकायची, आणि मोठ्या ब्रामध्ये घालून घरात वावरायचं. मी दोन संध्याकाळ ते केलं. भांडी घासली, मुलीचा अभ्यास घेतला, वाकून खालचा कप्पा आवरला. 350 भरून पाहिलं तेव्हा तासाभरात खांदे भरून आले. पिशवी कपड्यांवर पुढे पुढे येते, खऱ्या इम्प्लांटइतकी सपाट बसत नाही, हे खरं, पण वजन कळतं. डावीकडे 295 आणि उजवीकडे 255 हे आकडे आरशातून आले नाहीत, त्या भांडी घासण्यातून आले.

आता कागदपत्रं. एफडीएने ऑक्टोबर 2021 मध्ये इम्प्लांटच्या विक्रीवर नवी बंधनं घातली. त्यांत ऑपरेशनआधी रुग्णाला धोक्यांची एक यादी वाचायला द्यायची, हे एक आहे. आमच्या डॉक्टर त्याच धर्तीची यादी वापरतात. मला ती घरी नेऊन आठवडाभर वाचायला दिली होती. प्रत्येक मुद्द्यापुढे आद्याक्षरं करायची. शेवटची सही करण्याआधी मी पेन्सिलने सात ठिकाणी प्रश्नचिन्हं केली होती, आणि त्या सातही जागा बसून समजावून घेतल्या. तेव्हा मला संकोच वाटत होता. वाटू देऊ नका. याशिवाय भुलीचं वेगळं संमतीपत्र, फोटोंसाठीचं वेगळं. फोटोंच्या कागदात "शिक्षण व प्रसिद्धीसाठी वापर" अशी एक ओळ होती. ती खोडून त्यावर सही करता येते, हे विचारल्यावरच समजलं. मी खोडली.

पैशांचं अंदाजपत्रक लेखी घ्या आणि फोडून घ्या: सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, इम्प्लांटची जोडी, तपासण्या, औषधं, पुढच्या भेटी. माझा खर्च अंदाजापेक्षा साधारण आठव्या हिश्शाने वाढला, कारण रक्ताच्या तपासण्या दोनदा झाल्या, ऑपरेशननंतरच्या ब्रा एकाऐवजी दोन लागल्या, व्रणासाठीची सिलिकॉनची पट्टी कुणी धरलीच नव्हती, आणि रजा बिनपगारी पडली. विमा कंपनीला मी पत्र लिहून विचारलं होतं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, सौंदर्यासाठीचं ऑपरेशन बसत नाही. पण मी दुसरं पत्र लिहून हेही विचारलं की पुढे गुंतागुंत झाली तर? तेही बसत नाही. हे आधी माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर ते पैसेही आपल्याच खिशातून जाणार. मी त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढायला तेव्हापासूनच सुरुवात केली.

तारीख ठरली 15 नोव्हेंबर. 1 नोव्हेंबरला तपासण्या केल्या आणि हिमोग्लोबिन निघालं 9.6. पाळीच्या वेळी जास्त जातं हे मला माहीत होतं, पण मी ते कधी आजार म्हणून धरलं नव्हतं. ऑपरेशन पुढे ढकललं. थिएटर रद्द केल्याचे पैसे कापले गेले, रजा परत मागून घ्यावी लागली, आणि मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन खूप रडले. दहा आठवडे लोहाच्या गोळ्या घेतल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन पाळीचा इलाज सुरू केला. 10 जानेवारीला आकडा 12.2 आला. आता वाटतं की ते थांबणं अंगाला लागलं. पण तुम्ही तारीख ठरवायच्या आधीच साधी रक्ततपासणी करून घ्या, म्हणजे हे दोन-अडीच महिने वाचतील. चाळिशी जवळ असल्याने माझी मॅमोग्राफीही (स्तनांचा एक्स-रे) आधी करून घेतली. नंतर तुलना करायला ती उपयोगी पडते.

ऑपरेशनच्या दोन आठवडे आधीपासून ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या गोळ्या, सगळं बंद. मी घेत असलेल्या आयुर्वेदिक गोळीचंही नाव त्यांनी लिहून घेतलं आणि तीही थांबवायला सांगितली. तंबाखू-सिगारेट घेणाऱ्यांना तर कित्येक आठवडे आधी सोडावी लागते, निकोटिनची च्युइंगगमसुद्धा चालत नाहीत, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात आणि जखम भरत नाही. घरात मी रोज लागणाऱ्या सगळ्या वस्तू कंबरेच्या उंचीवर आणून ठेवल्या. पुढून उघडणारे कपडे काढून ठेवले. पाठीशी रचायला चार उशा. गोळ्यांचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. ताईला आठ दिवस राहायला बोलावलं.

24 जानेवारी. सकाळी सहाला हजर. मध्यरात्रीनंतर खाणं बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत. गरोदरपणाची चाचणी करतात, ती सगळ्यांचीच करतात. मग डॉक्टर आल्या आणि मला सरळ उभं करून जांभळ्या पेनाने छातीवर रेघा काढल्या: मधोमध एक उभी, दोन्ही घड्या, आणि नव्या घडीसाठी थोडी खाली तुटक रेघ. पेनाचं टोक गार लागत होतं. डावीकडची तुटक रेघ उजवीपेक्षा जरा खाली होती. इतकी वर्षं मी जे पॅड घालून लपवत होते ते असं कुणीतरी शांतपणे मोजून, रेघ मारून, चूक न म्हणता समोर ठेवलं होतं. मला तिथे भरून आलं. परिचारिकेने काही न बोलता पाठीवर हात ठेवला.

पूर्ण भूल होती. ऑपरेशन दीड तासाच्या आत झालं. जाग आली तेव्हा पहिली जाणीव दुखण्याची नव्हती, दडपणाची होती. कुणीतरी छातीवर जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवल्यासारखं. श्वास वरवरचा येत होता. मळमळ होती आणि दोनदा उलटी झाली. भुलीनंतर मला मळमळतं हे मी आधी सांगायला हवं होतं, बाळंतपणात अनुभव आला होता. सांगितलं की तसं औषध आधीच देतात. संध्याकाळी घरी सोडलं. निघताना इम्प्लांटचं कार्ड मिळालं, त्यावर कंपनी, प्रकार, दोन्ही बाजूंची मापं आणि क्रमांक. तिथल्या तिथे त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे कुठली मालिका परत मागवली तर आपल्या इम्प्लांटचा क्रमांक हाताशी असायला हवा.

पहिले तीन दिवस ताईशिवाय निघाले नसते. स्नायूखाली इम्प्लांट असलं की हाताचं प्रत्येक काम छातीत ओढ बसवतं: अंथरुणातून उठणं, दाराचा खटका, बाटलीचं झाकण. उठताना हातावर भार द्यायचा नाही, पाय खाली सोडून पोटाच्या जोरावर उठायचं, हे ताईने मला पाठीमागे हात धरून शिकवलं. पाठीवर, अर्धवट बसूनच झोपायचं. सकाळ सगळ्यात वाईट, रात्रभर न हलल्याने छाती आवळून बसलेली असते. गोळी घेऊन अर्धा तास चाललं की सैल होते. वेदनेच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून घ्या, मी चौथ्या दिवशी घेतलं आणि पस्तावले. रात्री कूस बदलायला गेले की आतून पाण्याचा खळखळ आवाज यायचा. मी घाबरून फोन केला. आत राहिलेली हवा आणि पाणी असतं, काही दिवसांत शरीर शोषून घेतं. दहाव्या दिवशी आवाज गेला.

तिसऱ्या दिवशी मला रडू आवरेना. आरशात छाती गळ्यापर्यंत चढलेली, चौकोनी, चकचकीत. डावी उजवीपेक्षा वर. मला वाटलं, हे मी काय करून घेतलं. ताई म्हणाली, "अगं, सूज आहे ती. आत्ता आरशात पाहूच नकोस." तिने बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकून ठेवला, तो सातव्या दिवसापर्यंत तिथे होता. भूल उतरणं, गोळ्या, झोप नसणं, सगळ्याचा तो एकत्र परिणाम असतो आणि बऱ्याच जणींना होतो. हे आधी माहीत असतं तर मला इतकं एकटं वाटलं नसतं.

एक गोष्ट मात्र सहन करत बसायची नाही. पहिल्या दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगली, दगडासारखी घट्ट झाली आणि दुखणं वाढतच गेलं, तर आत रक्त साठलेलं असू शकतं. रात्र असो की पहाट, लगेच फोन. तसंच 38 अंशांवर ताप, पसरत जाणारी लाली, जखमेतून स्राव. पोटरी दुखून सुजली किंवा एकाएकी धाप लागली तरी. फोन नंबर मी आणि ताईने दोघींनी जवळ ठेवला होता. गरज पडली नाही.

सातव्या दिवशी पट्ट्या बदलल्या. टाके आतले, विरघळणारे. दहाव्या दिवशी टेबलावरचं काम घरून सुरू केलं. गाडी सोळाव्या दिवशी चालवली, तीव्र वेदनाशामकं बंद झाल्यावर आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवून पाहिल्यावरच. सहा आठवडे तारेची ब्रा नाही, वजन उचलणं नाही, मुलीला कडेवर घेणं नाही. ती पाच वर्षांची आहे. तिला "आईच्या छातीला बाऊ झालाय" एवढंच सांगितलं होतं आणि ती रोज येऊन लांबूनच पापी द्यायची.

संवेदनांचं कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगते. माझं उजवं स्तनाग्र बधिर झालं आणि डावं इतकं हळवं की अंगावरचं कापडही सोसेना. मध्येच विजेचा झटका बसल्यासारखी कळ यायची, तिसऱ्या आठवड्यात तर दिवसातून वीस वेळा. नसा पूर्ववत होताना असं होतं. चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेक सगळं परत आलं. डाव्या घडीपाशी नाण्याएवढी जागा अजून सुन्न आहे. ती कदाचित तशीच राहील, आणि काहींचं बधिरपण कायमचं राहतं, हे मला ऑपरेशनआधी सांगितलेलं होतं.

आकार खाली यायला वेळ लागतो. माझी उजवी बाजू सातव्या आठवड्यात बसली, डावी अकराव्या. तोपर्यंत दोन्हींत फरक दिसतच राहिला. म्हणून तीन महिने नवी ब्रा घेऊ नका. मी सहाव्या आठवड्यात दोन घेतल्या, दोन्ही आज पडून आहेत. व्रणावर तिसऱ्या आठवड्यापासून सिलिकॉनची पट्टी लावते आहे. तो अजून गुलाबी आहे, फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. जड दार ढकललं की स्नायू आकुंचन पावतो आणि छाती क्षणभर बाहेरच्या बाजूला ओढली जाते, ते दिसतं. दोन्ही बाजू अगदी सारख्या झालेल्या नाहीत. बारकाईने पाहिलं तर डावं स्तनाग्र किंचित वर आहे. पण डावीकडे पॅड नाही, आणि जिना चढताना कोपर अंगाशी जात नाही. हे मला तिसऱ्या महिन्यात एकदा, हातात दोन पिशव्या घेऊन वर आल्यावर लक्षात आलं. मी जिन्यातच थांबले होते.

24 जुलैच्या भेटीत डॉक्टरांनी दोन्ही स्तन दाबून पाहिले, मऊ आहेत. आता वर्षातून एकदा दाखवायचं. पाचव्या-सहाव्या वर्षी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून इम्प्लांट आतून फाटलेलं नाही ना ते पाहायचं, मग दर दोन-तीन वर्षांनी. मॅमोग्राफीला गेले की आधीच सांगायचं, कारण इम्प्लांट मागे सारून जास्तीचे फोटो काढावे लागतात. त्या सगळ्या तारखा मी फोनमध्ये घालून ठेवल्या आहेत, आणि कार्डाची एक प्रत ताईकडे दिली आहे. पोहण्याचा वर्ग पुढच्या सोमवारपासून आहे. मुलगी आणि मी, दोघींचं नाव घातलं आहे.